काचेची पट्टी

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात छताला भेग गेली आहे. इंजिनिअरने आज तिच्यावर काचेची छोटी पट्टी आडवी चिकटवली. "भेग वाढली तर काच तडकेल. पण आधी वरची माती उतरवा. ओली माती फार जड असते."

वर माझी गच्ची, आणि मी हौसेने बांधून घेतलेला मोगऱ्याचा वाफा.

"राहू दे गं," काकू मला म्हणाल्या, "खिडकीतून वास येतो, बरं वाटतं."

आपली जमीन म्हणजे कुणाचं तरी छत, हे किती सहज विसरतो आपण!

संध्याकाळी सवयीने झारी भरली आणि तशीच हातात धरून उभी राहिले. खालून काकूंच्या पोळ्यांचा खमंग वास येत होता.