नंबरचं हेल्मेट

बसा, चहा येतोय तवर माझ्या अकलेचं प्रदर्शन मांडतो. आता कसं सांगू, हे माझ्याच तोंडानं सांगायला लाज वाटती. पण बायकोनं सांगितलं तर ती तिखटमीठ लावून सांगती, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं!

शहराचं नाव तवा अजून औरंगाबादच होतं आन् हेल्मेटची सक्ती नुकतीच झाली होती. मी एका डेअरीच्या ऑफिसात कारकून. वय एकतीस. गंगापूरकडं बागायती जमीन, शहरात नोकरी, बुडाखाली मोटरसायकल. सगळं होतं, लग्न तेवढं जमत नव्हतं. कारण? कारण माझ्या नाकावर बसलेलं होतं. उणे पाचचा चष्मा! काचा अशा, जसं काय बाटलीचं बूड.

दोन ठिकाणी नकार आला होता. एका पोरीच्या आजीनं तर तोंडावरच विचारलं, "ह्याचा चष्मा हरवला तर आमच्या नातीनं ह्याला हात धरून फिरवायचं का?" खरं सांगतो, आठ दिवस जेवण गोड लागलं नाय.

तिसरं स्थळ माझ्या मामानं आणलं. मामा म्हंजे आईच्या पाठचा भाऊ, सोयरिकी जमवण्यात नावाजलेला माणूस. पोरगी खुलताबादची, शाळेत विज्ञान शिकवायची. मामानं तिच्या बापाला छातीवर हात ठेवून सांगून टाकलं, पोरात एक बी ऐब नाय. आन् मला दम दिला, की हे मोडलं तर मी पुन्हा तुझ्या लग्नाचं नाव काढणार नाय, चष्मा कुणाला दिसता कामा नाय.

त्यात आणखी एक भानगड. चष्मा आन् हेल्मेट ह्यांचं सवतीसारखं वैर. आधी चष्मा घातला तर हेल्मेट आत जाईना, आधी हेल्मेट घातलं तर चष्म्याच्या दांड्या कानात घुसायच्या. कान सोलून निघाले. म्हणून गेलो शहागंजात, चष्मेवाल्या चाचांकडं. चाळीस वर्षं त्या गल्लीत बसलेला माणूस. त्यांनी माझं हेल्मेट हातात घेतलं, आतून बोटं फिरवली आन् सरळ पातळ दांड्यांची एक हलकी फ्रेम पुढं ठेवली. आधी हेल्मेट घालायचं, मग दांडी अलगद सरकवायची. काच साधीच घ्या, काळी नको, सावलीत फसाल, असं बी सांगितलं.

सोन्यासारखा सल्ला होता हो. पण आपल्या डोक्यात काहीतरी भलतंच शिजत होतं. मी म्हणलं, "चाचा, हेल्मेट की काच में ही नंबर बिठा दो ना."

चाचांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला आन् माझ्याकडं बघितलं.

"मियाँ, आँख का नंबर तो निकाल दिया. अकल का नंबर हमारे यहाँ नहीं निकलता."

मग काय, मला चेव चढला! घरी आलो, चष्म्याच्या दोन्ही काचा काढल्या आन् पंक्चरच्या सोल्युशननं हेल्मेटच्या काचेला आतून चिकटवून टाकल्या. काच खाली केली की जग लख्ख, वर केली की सगळीकडं धुकं. एका दगडात दोन पक्षी! गाडी बी चालवता येती आन् चष्मा बी दिसत नाय. आता दुसरा चष्मा नव्हता, म्हणून दोन दिवस ऑफिसात हेल्मेट घालूनच फायली वाचल्या. साहेबांनी विचारलं तर मान लचकलीय म्हणून सांगितलं. खड्ड्यात गाडी आदळली की काचा जराशा सरकायच्या आन् एकाचे दोन ट्रक दिसायचे, पण ते चालायचंच.

रविवारी मामा मागं बसला आन् आम्ही दौलताबादच्या घाटानं निघालो. मामानं विचारलं, चष्मा कुठंय? मी म्हणलं, हेल्मेटात. त्यानं माझी पाठ थोपटली, म्हणला आपल्या खानदानात पहिलाच शास्त्रज्ञ निघाला.

आता तुम्ही म्हणाल, पाहुण्याच्या घरात गेल्यावर हेल्मेट काढावं लागंल, हे तुमच्या ध्यानात आलं नाय का? नाय आलं. दोघांच्या बी नाय!

दारात पोरीच्या बापानं पाण्याचा तांब्या दिला आन् मानानं माझ्या हातातलं हेल्मेट घेऊन कोनाड्यात ठेवलं. झालं. मी आंधळा.

बैठकीत सगळी माणसं म्हंजे नुसते रंगाचे डाग. समोर बाजंवर पांढऱ्या कपड्यातलं, लाल पटक्याचं कुणीतरी म्हातारं बसलेलं दिसलं. आजोबा असणार. मी पुढं झालो आन् वाकून पाया पडलो. आशीर्वाद येईना. म्हणलं, ऐकू कमी येत असंल, म्हणून पुन्हा पडलो. तवा हाताला कळलं, की ती गुंडाळून ठेवलेली गोधडी हाये आन् वर लाल टॉवेल वाळत घातलाय.

 पण मामा म्हंजे पोचलेला माणूस! तो शांतपणं म्हणला, "आमच्या गंगापूरकडं पद्धत हाये, ज्या घरात सोयरीक करायची त्या घरच्या अंथरुणाच्या आधी पाया पडायचं."

पोरीचा बाप साधा, पेरूच्या बागेतला माणूस. सोयऱ्याची रीत मोडू नये म्हणून तो बी उठला आन् गोधडीच्या पाया पडला. त्याच्या मागून त्याचा भाऊ पडला.

मग पोरगी पोहे घेऊन आली. मी हात पुढं केला तर ताटली माझ्या कानाजवळून मागं गेली. मी मागं हात नेला तर ती पुढं आली. असं तीनदा झालं. मला वाटलं, लाजाळू हाये. शेवटी तिनं ताटली हवेत सोडली आन् गरम पोहे मामाच्या मांडीवर. मामा उडाला नाय, हलला नाय, नुसता दात दाबून म्हणला, की आमच्याकडं पहिला घास मामाच्या मांडीवर देत्यात.

बापानं सांगितलं, पोरीला काय विचारायचं ते विचारा. मी मोठ्या अदबीनं नाव विचारलं. उत्तर माझ्या डाव्या अंगाकडून आलं. मी ज्याला विचारलं होतं तो पाण्याचा माठ होता!

आता मात्र मला घाम फुटला. अहो, जन्माचा प्रश्न! आवाज गोड होता, पण जिच्याबरोबर संसार करायचा तिचं तोंड एकदा तरी दिसायला नको? मी उठलो, चाचपडत कोनाडा गाठला, हेल्मेट घातलं, काच खाली केली आन् जागेवर येऊन बसलो.

सगळ्यांनी मामाकडं बघितलं. मामाचा आवाज आता जरा खोल गेला होता. "पोरगी बघताना नवरदेवानं डोकं झाकायची पद्धत हाये."

"मग आधी सांगायचं ना," पोरीचा बाप म्हणला, "उघड्या डोक्यानं बसवलं पाव्हण्याला." आन् आतून फेटा मागवून त्यानं तो हेल्मेटवरूनच बांधायला घेतला. नऊ वार फेटा, शेतकऱ्याचे हात! असा आवळला की काच जाम झाली.

पण मला पहिल्यांदा पोरगी दिसली. काय सांगू तुम्हाला, काळीज हललं माझं. सावळी, तरतरीत, हसरी. हसत बी होती, पण माझ्याकडं बघून नाय. भिंतीवरच्या खताच्या कॅलेंडरवर एका पैलवान शेतकऱ्याचं चित्र होतं, त्याच्याकडं बघून लाजत होती.

मी विचार करतोय तवर माझ्याच श्वासानं काच धुकटली. काच उघडंना, दम कोंडायला लागला. मी हात हलवतोय आन् घरातले समजतायत ही बी पद्धतच. शेवटी मामानंच ओरडून फेटा सोडवला आन् हेल्मेट ओढून काढलं.

मी धापा टाकत बसलेलो. तेवढ्यात पोरगी म्हणली, ते जरा बघू. तिनं हेल्मेट घेतलं, बोटानं काच चाचपली, फडक्यानं पुसली आन् सरळ डोक्यात घातलं. काच खाली केली. थोडा वेळ घरभर बघितलं.

"बाबा, जवळजवळ माझाच नंबर हाये."

बापानं मान खाली घातली. पोरीचा चष्मा सकाळपासून पिठाच्या डब्यात लपवून ठेवला होता. त्यांनी बी मामाला सांगितलं होतं, पोरीत एक बी ऐब नाय. मामानं तर मांडीवरचे पोहे झटकले आन् सुटलो म्हणून सुस्कारा टाकला. फिटंफाट झाली होती. आता राहिला फक्त तिचा होकार.

ती हेल्मेटातून माझ्याकडं बघायला लागली. मी छाती पुढं काढली, केसावरून हात फिरवला. देवाशपथ सांगतो, बारावीच्या निकालाला बी एवढं धडधडलं नव्हतं. तिनं काच वर केली, बघितलं. खाली केली, बघितलं. पुन्हा वर केली. बापानं विचारलं, काय ठरवलंस?

"काच वर असली की पसंत हायेत," ती म्हणली.

तेवढ्यावर साखरपुडा ठरला. पंधरा वर्षं झाली आता संसाराला. मी ऑफिसातून घरी आलो, की ती आधी चष्मा काढून ठेवती आन् मगच माझ्याकडं बघून हसती.