बंद कोंदणाची अंगठी

माझी धाकटी मावशी सोफे आणि खुर्च्या मढवायची. दुकान मुळात आजोबांचं, पण त्यांच्या पाठीला बाक आला आणि ते आपोआप तिचं झालं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मागच्या भिंतीला काथ्याचा आणि फोमचा ढीग, मधोमध बुटकं टेबल. त्यावर कुणाची ना कुणाची खुर्ची पाय वर करून पडलेली असायची. मावशी डाव्या हाताने कापड ओढून धरायची आणि ताण तसूभरही सुटू न देता उजव्या हाताने चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत जायची. चुका तोंडात धरलेल्या, ओठांच्या कोपऱ्यातून एकेक बाहेर येणारी. आजोबा म्हणायचे, "तोंडात चुका असल्या की ही जरा कमी टोचून बोलते."

तिचं लग्न होणार नाही असं नातेवाइकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिला त्याचं सुखदुःख नव्हतं, निदान दिसत तरी नव्हतं. मग एके दिवशी शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर खांद्यावर बसची सीट घेऊन दुकानात शिरला. रेक्झीन फाटून आतला फोम बाहेर लोंबत होता.

"सीट आणलीत की मढं?" मावशीने विचारलं.

"मढंच आहे. जिवंत करता येतंय का बघा."

तिने ती सीट जिवंत केली. पुढच्या आठवड्यात तो दुसरी घेऊन आला, मग तिसरी. चौथ्या वेळी आजोबांनी सीट उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "अहो, ही ब्लेडने कापलीये." ड्रायव्हर लाजून लाल झाला. त्या वर्षाच्या अखेरीस दोघांचं लग्न ठरलं.

अंगठी त्याने एकट्यानेच जाऊन आणली, तिला चकित करायला. नाजूक वेढं, आणि वर चार बारीक सोन्याच्या नख्यांनी उचलून धरलेला हिरा. सुंदर होती, यात वाद नाही. मावशीने ती डाव्या हातात घातली आणि तशीच कामाला बसली. समोर एका गिऱ्हाइकाचा मखमलीचा सोफा होता. तिने कापड ओढलं आणि नखीत एक धागा अडकला. सर्रकन मखमलीवर वीतभर पांढरी रेघ उमटली.

"झालं," आजोबा म्हणाले. "हिऱ्याने पहिली सही केली."

मावशी हसली नाही. पूर्ण तुकडा तिला नव्याने बसवावा लागला. संध्याकाळी ड्रायव्हर आला तेव्हा तिने त्याला रेघ दाखवली, आणि दोघं अंगठी घेऊन तिच्या ओळखीच्या सोनाराकडे गेली. मीही बरोबर होते. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मावशीच्या लग्नाची तिच्याहून जास्त हौस मलाच होती.

सोनार म्हातारा होता, एका डोळ्याला भिंग लावून बसलेला. "काम काय करता, ताई?"

"सोफे."

"विकता?"

"करते."

त्याने तिचा हात उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याच्या पेरावरचे घट्टे, चुकांनी टोचलेली टोकं. "मग ही तुमच्या कामाची नाही. आज धागा अडकला, उद्या नखी वाकेल, परवा खडा काथ्यात पडेल. मग बसा शोधत."

"कामाच्या वेळी काढून ठेवत जा ना," ड्रायव्हर म्हणाला.

"दिवसभर मी कामातच असते. काढून ठेवली तर घालू कधी? झोपेत मिरवू?"

सोनाराने ट्रे पुढे ओढला. "बंद कोंदण करू. खड्याभोवती सोन्याची सलग कड, अगदी काठापर्यंत वळवलेली. कुठे टोक नाही, कुठे फट नाही. बैठकही खाली घेऊ. मात्र एक आहे, बाजूने उजेड आत जात नाही, त्यामुळे खडा थोडा मंद दिसतो."

"चमकायला मी काय रस्त्यावरचा दिवा आहे?"

तिने पर्समधून मखमलीचा एक तुकडा काढला. मुद्दाम आणला होता. ट्रेमधली एकेक अंगठी घालून ती त्या तुकड्यावरून हात ओढत गेली, उलट्या लवेने, जोर देऊन. एकीची कड लागली, ती बाजूला. दुसरीचं वेढं बोटात फिरलं, तीही बाजूला. शेवटी एक अशी निघाली की मखमलीला तिचा पत्ताच लागला नाही. रुंद पट्टी, आतून गोलसर घासलेली, खडा पट्टीत जवळजवळ बुडालेला.

"अशी," मावशी म्हणाली.

"सोनंही जरा कडक मिसळीचं घेतो," सोनार म्हणाला. "शुद्ध सोनं मऊ. कापड ओढून ओढून अंगठी लंबगोल होईल."

"पक्की करा," ड्रायव्हर म्हणाला. "बाई पक्की आहे."

इतक्या खुशीत मी मावशीला आधी कधी पाहिलं नव्हतं. घरी येताना ती त्याला सांगत होती की लग्नानंतर बसच्या सगळ्या सीटा ती एकाच रंगात करील, आणि ब्लेड मात्र घरात ठेवायचं नाही.

अंगठी तयार झाली आणि बोटात गेलीच नाही. पेरावर येऊन अडली. मावशी भडकली. "काका, माप माझं घेतलंत की दुसऱ्या कुणाचं?" सोनाराने मापाच्या कड्या काढल्या, लिहून ठेवलेल्या आकड्याची कडी तिच्या बोटात घालून पाहिली. तीही अडली. तो कडीकडे पाहत राहिला, मग तिच्या पेराकडे. "माप बरोबर आहे, ताई. बोट सुजलंय. काही लागलंय का?"

"कामाचा हात आहे. सुजायचाच."

त्याने अंगठी वाढवून दिली.

त्यानंतरचं मला आईकडून कळलं, आणि आईलाही उशिराच कळलं होतं. मावशीची सकाळी मूठ वळेना. ती सगळ्यांच्या आधी उठायची, न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायची आणि बोटं जरा सैल पडली की दुकान उघडायची. बाटलीचं झाकण उघडायचं झालं तर "हे घट्ट बसलंय" म्हणून दुसऱ्याच्या हातात द्यायची. दाभण धरताना ते दोनदा पडलं. तिसऱ्यांदा हातोडीच हातून सुटली आणि आजोबांच्या पायाशी पडली. दुसऱ्या दिवसापासून बाकदार पाठीने ते पुन्हा टेबलाशी येऊन उभे राहू लागले. म्हणे, घरी करमत नाही. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं, पण विषय कुणीच काढला नाही.

ड्रायव्हरला तिने काहीच सांगितलं नाही. त्याने हात हातात घेतला की ती दात आवळून हसायची.

मग एका सकाळी अंगठीचं बोट जांभळं पडलं. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. पेर लिंबाएवढं झालेलं, अंगठी त्याच्या खाली रुतलेली. आईने ड्रायव्हरला फोन केला. शाळेची फेरी अर्धी टाकून तो आला, आणि आम्ही सगळे पुन्हा सोनाराच्या दुकानात.

सोनाराने तिचा हात टेबलावर घेतला. अंगठीच्या खाली पत्र्याची एक बारीक जीभ सरकवली आणि हाताने फिरवायच्या छोट्या चकतीने वेढं कापायला घेतलं. पट्टी रुंद होती, जाड होती, सोनं कडक होतं. चकती फिरत होती, कुरकुर आवाज येत होता आणि कापल्याची खूण नखभरसुद्धा पुढे सरकत नव्हती. मध्येच थांबून तो बोटावर थंड पाणी घालायचा. मावशी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा दुसरा हातही उचलत नव्हता. ड्रायव्हरने तिचं कोपर धरलं होतं.

"काका," ती म्हणाली, "एवढी पक्की कशाला केलीत?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. एका ठिकाणी कापूनही ती उघडेना, पलीकडच्या बाजूला पुन्हा कापावी लागली. दोन तुकडे झाले. खड्याभोवतीची कड मात्र जशीच्या तशी होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आमवात सांगितला. म्हातारपणाचा नव्हे, आतून सांधे खाणारा, कोणत्याही वयात होणारा. "फार आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "औषधांनी पुढचं आवरता येईल. जेवढं झिजलंय तेवढं परत येणार नाही." मावशीने विचारलं, "कापड ओढता येईल?" डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

बाहेर आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "लग्न ठरल्या तारखेला. अंगठी राहिली तर राहिली. नाहीतर खडा गळ्यातल्या साखळीत घाल."

"गळ्यात अडकवायला मी काय खुंटी आहे?" मावशी म्हणाली. आम्ही हसलो. तिच्याकडून हसण्यासारखं निघालेलं ते शेवटचंच.

औषधांनी तिचं पोट बिघडलं, केस विरळ झाले, दिवसदिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. तारीख पुढे ढकलली. ड्रायव्हर रोज येई. केळं सोलून दे, वेणी घाल. त्याची वेणी वाकडी व्हायची. एकदा तो तिच्या ब्लाउजच्या गुंड्या लावत होता आणि मी दारात होते. मावशीचा चेहरा असा झाला की मी मागे फिरले.

त्याच दिवशी तिने त्याला सांगितलं, "तू जा. दुसरी बघ."

"वेडी आहेस का?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी केळी घेऊन हजर.

काही दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. तो चिडला, ओरडला. "उद्या माझे पाय गेले असते तर तू गेली असतीस?" आजोबा आतून म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." आम्हाला वाटलं, मिटलं.

तिसऱ्यांदा तिने सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. थकलेला दिसत होता. पहाटेपासून दोन फेऱ्या मारून आला होता. "खरंच जाऊ?" त्याने विचारलं.

"जा."

"तू म्हणतेस म्हणून जातो," तो म्हणाला. वहाणा घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला सांगून केस नीट करून घेतले आणि खिडकीशी बसली. तिसऱ्या दिवशीही. शाळेच्या बसचा हॉर्न कोपऱ्यावर वाजायचा तसा वाजला आणि बस पुढे गेली. आठवड्याने ती मला म्हणाली, "मला वाटलं, आणखी एकदा भांडेल."

"मग बोलाव ना त्याला, मावशी. मी फोन लावते."

"आणि काय सांगू? ये, गुंड्या लाव?"

मी तिला न सांगता फोन लावला. तो चांगलं बोलला, तब्येत विचारली. म्हणाला, "ती बोलावेल तर येईन." मी ते तिला सांगितलं. तिने बोलावलं नाही. रोज ती बोलावील असं मला वाटायचं, आणि रोज तो येईल असं बहुधा तिला वाटत असावं. दोघांच्या मानाचं असं काही झालं की मधला रस्ताच बुजून गेला. दोन पावसाळे गेले आणि त्याचं लग्न झाल्याचं आईला बाजारात कुणीतरी सांगितलं. मावशीला सांगायचं कुणी, यावर घरात कुजबुज चालली होती. तिने आतूनच म्हटलं, "ऐकलंय मी. भाजी करपतेय, तिकडे बघा."

आजोबांनी दुकान जमेल तितकं चालवलं. मावशी स्टुलावर बसून सांगायची, "बाबा, ताण सुटतोय." आजोबा म्हणायचे, "दिसतंय मला." पण ताण सुटायचाच. दोघांनाही ते काम पाहवत नव्हतं. आजोबा गेल्यावर शटर खाली आलं. आता तिथे कुणी मोबाइल दुरुस्त करतो. मावशी आमच्याकडे राहते. बोटं एका बाजूला कलली आहेत, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखी. औषधांनी दुखणं आटोक्यात आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ते खरंही असेल. मावशी त्यांना "बरंय" एवढंच सांगते.

गेल्या महिन्यात तिला तपासणीला घेऊन गेले होते. बाहेरच्या बाकाचं रेक्झीन कोपऱ्यात उसवलं होतं. मावशी बसली, आणि नकळत तिचा हात सीटच्या खाली गेला. आतले पट्टे चाचपून ती म्हणाली, "पट्टे उलटे मारलेत. खचणारच हे." उसवलेली कड तिने दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला. कड निसटली. तिने पुन्हा धरली, पुन्हा निसटली. शेजारची बाई पाहत होती. मावशीने हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला.

"आपण तिकडे बसू," ती मला म्हणाली.

आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने नर्सने तिला आत बोलावलं. दाराची मूठ गोल होती. मावशी दारापर्यंत गेली आणि बाजूला सरून उभी राहिली, मी येऊन दार उघडीपर्यंत.