विसपुते आणि रॉकेटची टोपी

विसपुत्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कँटीनमध्ये, दुसऱ्याचा डबा टोपणाला धरून हवेत टांगताना. डबा माझा होता. पिंपरीच्या त्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो आणि त्यांच्या समोरची जागा नेहमी रिकामी का असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी डबा डोळ्यांसमोर धरून हलकेच झटका दिला. टोपण सुटेना.

"हे टोपण आहे की जावई?" ते म्हणाले. "एकदा आत शिरला की निघायचं नाव नाही."

शेजारच्या माणसाचा डबा मात्र उचलताक्षणी सुटला आणि वांग्याची भाजी टेबलभर झाली. "आणि हे आमचे युनियनवाले. जरा हलवलं की पडले." ज्याची भाजी सांडली तो युनियनचाच माणूस होता. विसपुत्यांनी आपल्यातली अर्धी भाजी त्याच्यापुढे सरकवली. माफी मात्र मागितली नाही.

शंकर विसपुते जळगावकडचे. डिप्लोमा झालेले, ड्रॉइंग ऑफिसात कामाला. वरिष्ठाची चूक दिसली की ती चारचौघांत सांगायची, ही त्यांची खोड. त्यामुळे बढतीच्या वेळी त्यांचं नाव हटकून मागे पडायचं. त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. त्यांना हवी होती एकच गोष्ट: कारखान्याच्या शिकाऊ कामगारांच्या शाळेत शिक्षकाची जागा. "मला पोरांना शिकवायचंय, पाठक," ते मला म्हणायचे. "मोठ्यांना शिकवून बघितलं. ते रागावतात."

ह्या माणसाला रॉकेटं करायचा नाद होता. बाद झालेली ड्रॉइंग खळ लावून पाइपावर गुंडाळायची, सुकल्यावर पाइप ओढून काढायचा, की झाली नळी. शोभेची दारू करणारा एक कारागीर तळाशी दारू ठासून द्यायचा. नळीच्या वर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची निमुळती टोपी. रविवारी सायकलीला रॉकेट बांधून आम्ही निगडीच्या माळावर जायचो. तिथे प्राधिकरणाचे नुसते दगड रोवलेले होते, घरं उठायची होती.

सगळा जीव त्या टोपीत असायचा. टोपीची मान नळीत बसायची. रॉकेट वर पोचलं की शेवटची चिमूटभर दारू पेटून टोपी उडवायची आणि आतली रेशमी छत्री बाहेर पडायची. टोपी सैल असली तर वाटेतच निसटायची. घट्ट असली तर छत्री आतच राहायची आणि रॉकेट भाल्यासारखं खाली यायचं. विसपुते ती मान पॉलिश पेपरने तासन् तास घासत. मग डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवत. नख कुठे अडखळलं की पुन्हा घासणं. शेवटी टोपीला धरून रॉकेट टांगायचं; स्वतःच्या वजनाने सुटता कामा नये, एका झटक्याला सुटलं पाहिजे. "धरून ठेवायला पाहिजे, अडवायला नाही," ते म्हणत. त्यांची बायको एकदा चहा देताना म्हणाली, "हे रॉकेटला सांगतात. मला माहेरी जायचं म्हटलं की आठवत नाही." विसपुते खाली मान घालून घासत राहिले.

त्यांचा नाद मोठ्या साहेबांच्या कानावर गेला. साहेब म्हणाले, "खंडेनवमीला सगळ्यांची कुटुंबं येतात. तेव्हा उडवून दाखवा. चांगलं झालं तर शाळेच्या जागेचं बघतो."

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद असत. हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. आमच्या खात्याची पूजा माझ्याकडे होती. सकाळी मी विसपुत्यांच्या कपाटातून रॉकेट आणलं आणि हत्यारांच्या मधोमध उभं केलं. मनापासून केलं. त्यांना यश यावं म्हणून पाणी शिंपडलं, टोपीच्या सांध्यावर ओल्या कुंकवाची बोटं ओढली आणि नारळ फोडून त्याचं पाणी वरून सोडलं.

विसपुते दुपारी आले. "ह्याला आंघोळ कुणी घातली?"

"पूजा केली," मी म्हणालो.

त्यांनी टोपी पिळून काढली. मान फुगली होती, नळीच्या तोंडाचा कागद भिजून सुजला होता. त्यांनी रुमालाने पुसलं आणि मांडलेल्या हत्यारांतल्या पॉलिश पेपरकडे हात नेला. काळोखे फिटर तिथेच उभा होता.

"सायेब, पूजेला बसलेलं उद्यापातुर उचलायचं न्हाई."

"काळोखे, हे हत्यार नाही. कागद आहे."

"त्याला बी कुकू लागलंय."

मी मध्ये पडायला हवं होतं. पडलो, पण काळोखेच्या बाजूने. "विसपुते, बायामाणसं बघताहेत. पूजा मोडली म्हणतील."

"मग आज उडवत नाही."

"साहेब कुटुंबाला घेऊन समोर बसलेत. आज नाही तर शाळेचं विसरा. जरासं घट्ट आहे, इतकंच ना? दारूला जोर असतो की."

त्यांनी टोपी बसवली, रॉकेट टांगलं, झटका दिला. हललं नाही. "निघेल म्हणतोस?"

"निघेल," मी म्हणालो. सांध्याच्या बाबतीत त्यांनी दुसऱ्याचा शब्द मानल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

रॉकेट सरळ वर गेलं. पोरं ओरडली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग उंचावर शेवटची दारू पेटली, पण धूर फुटला तो शेपटाकडून. टोपी जागची हलली नाही. नळी उलटली आणि कँटीनचा सिमेंटचा पत्रा फोडून आत गेली. काळोखेची बायको पाणी प्यायला आत गेली होती. पत्र्याचा तुकडा तिच्या कपाळाला लागला, टाके पडले.

सुट्टी संपल्यावर मी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पाणी मी घातलं, घासू मी दिलं नाही, उडवा मीच म्हणालो. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे घट्ट आहे हे विसपुत्यांना माहीत होतं?" ते म्हणाले. "माहीत असून उडवलं? मला वाटत होतं, अपघात झाला." शाळेची जागा दुसऱ्याला गेली.

विसपुत्यांना हे कळलं तेव्हा ते टेबलावर वाकून रेघ मारत होते. रेघ पुरी होईपर्यंत थांबले.

"तू जाऊन सांगितलंस?"

"हो. मला राहवेना."

"मला विचारलंस?"

मी त्यांच्या टेबलावरचं खोडरबर उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

"बरं वाटलं ना तुला? झोप लागली असेल. पाठकभाऊ, तुझं ओझं तू खाली ठेवलंस, पण कुठे ठेवलंस ते बघ जरा."

काळोखे पुढे स्वतः येऊन त्यांना म्हणाला, "झालं ते झालं, सायेब." त्याच्याशी ते मोकळेपणाने बोलत. माझ्याशीही बोलत, अगदी सभ्यपणे, मला अहो-जाहो करत. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रॉकेट त्यांनी पुन्हा केलं नाही. निगडीच्या माळावर बंगले उठले. विसपुते इतरांची ड्रॉइंग उतरवत राहिले आणि ऐंशी सालानंतर केव्हातरी राजीनामा देऊन जळगावला निघाले. तिकडे ते फार दिवस जगले नाहीत.

निरोपाच्या समारंभात भाषण माझ्याकडे आलं. मी आदल्या दिवसापासून ठरवलं होतं की सगळ्यांसमोर खंडेनवमीचं सांगायचं आणि हात जोडायचे. मी उठत असताना त्यांनी माझी बाही धरली.

"पाठकसाहेब," ते हळूच म्हणाले, "तेवढं सोडून बोला."

मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या विसपुत्यांनीच वाजवल्या.