साडूभाऊंच्या गाद्या आणि माझं टांगलेलं विमान

देवळीत मी पेरणीयंत्रं बनवतो. वेल्डिंग मी कॉलेजात नाही, दुसऱ्याच्या शेडमध्ये शिव्या खाऊन शिकलो. आता शेड माझी आहे आणि शिव्या मी देतो. त्याच शेडमध्ये चार वर्षं खपून मी दोन माणसांचं विमान बांधलं. ही बातमी सासरच्या एका लग्नात फुटली, तेव्हा माझे थोरले साडू, सिंदी मेघ्यातले निवृत्त गणित मास्तर, भर पंगतीत म्हणाले, "उडवायच्या आधी सांगजो बापा, खाली गाद्या टाकून ठेवतो." वाढपीसुद्धा हसला. तेव्हापासून सासरी कुणी मला धंदा कसा चाललाय ते विचारत नाही. गाद्या किती जमल्या ते विचारतात.

शेवटचं काम राहिलं होतं चाकांच्या पायांचं. हे पाय पोलादी असतात. त्यांच्यावर फायबरचं कव्हर चढतं, पुढून गोल, मागे निमुळतं, हवा कापत जावी म्हणून. ते तिरपं बसलं की विमान हवेत एका अंगाला ओढतं. नागपूरचा एक निवृत्त वैमानिक रविवारी बघायला येणार होता. त्याने फोनवरच बजावलं होतं, "कव्हरं सरळ नसतील तर मी आत बसणार नाही."

मी नाकापासून शेपटीपर्यंत ओळंबे सोडले, गवंड्याच्या दोरीने फरशीवर निळीची रेघ मारली आणि दोन्ही कव्हरं तिच्याशी जुळवली. केसाचाही फरक नव्हता. शनिवारी मुद्दाम साडूंना चहाला बोलावलं. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

ते इस्त्रीच्या शर्टात आले, विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि भजी खात म्हणाले, "हे टायरवर उभं असताना मोजलं?"

"मंग काय डोक्यावर उभं करू?"

"वजनानं पाय फाकले हायेत त्याचे. हवेत गेल्यावर लोंबतील. तवा कव्हर सरळ राहीन काय?"

"साडूभाऊ, वीस वर्षं झाली, यंत्रं सरळ करून राह्यलो मी."

"पेरणीयंत्र जमिनीवर चालते, म्हणून जमिनीवर मोजतेत. हे कुठं चालवणार हायेस? वावरात?"

मी त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली. तिच्यात अजून दोन भजी होती. ते हात पुसून निघून गेले.

ते वळणाआड गेल्यावर मी शटर ओढून घेतलं. इंजिनाच्या चौकटीला आणि शेपटीला पट्टे बांधले आणि चेन पुलीने विमान सरळ वर घेतलं. चाकं फरशीवरून सुटताच दोन्ही पाय आत आले. पुन्हा ओळंबे सोडले. कव्हरांची मागची टोकं रेघेपासून बोटभर सरकली होती. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे शिव्या द्यायच्या कुणाला हा प्रश्नच होता. कव्हरं काढली, टांगलेल्या विमानावर पुन्हा जुळवून बसवली.

रविवारी वैमानिक आला तेव्हा विमान टांगलेलंच होतं. साडूही आले, न बोलावता. वैमानिकाने उकिडवं बसून दोरी लावली, दोन्ही बाजूंनी मोजलं आणि मान हलवली. "बरेच जण जमिनीवर ठेवूनच मोजतात. उचलून मोजायचं कुणी सुचवलं?"

साडू छताचे पत्रे बघू लागले. मी त्यांना हाताला धरून ग्राइंडरपाशी नेलं.

"गाद्यांची गोष्ट बंद करा, तं तुमचं नाव सांगतो."

"किती दिवस?"

"कायमची."

"नाई जमत. एक लग्न."

"पाच."

"दोन. अन् कालची भजी."

आयुष्यात इतका घाट्याचा सौदा मी केला नव्हता. परत येऊन वैमानिकाला म्हणालो, "यांनी सुचवलं."

"काय म्हणालात?"

"जरा मोठ्यानं सांग बापा," साडू म्हणाले, "पत्र्याची शेड हाये, आवाज घुमते."

मी मोठ्याने सांगितलं. वैमानिकाने साडूंशी हात मिळवला. मग मला म्हणाला, "उतरवा खाली. बसून बघतो."