माईजींवर फिल्म निघाली तेव्हा

आमच्या मंडळातले चार जुने लोक कुठेही जमले, अगदी कुणाच्या तेराव्याला जमले तरी, दहा मिनिटांत माईजींच्या फिल्मचा विषय निघतोच. फिल्म होती सगळी अकरा मिनिटांची. तिचे किस्से आम्ही इतकी वर्षं सांगतोय, आणि दर वेळी कुणीतरी एखादा नवा काढतो. त्यातले निम्मे खोटे असणार. खालचे मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलेत.

मध्य भारत सरकारच्या वेळची गोष्ट. माईजींनी तेव्हा साठी ओलांडली होती. त्यांची फिरती नाटक कंपनी इंदूरच्या मुक्कामात बुडाली आणि बाई इथेच राहिल्या. पुढे आम्हा कारकून-मास्तरांना गोळा करून त्यांनी परदेशीपुऱ्यात मंडळ उभं केलं. त्यांच्यावर एक माहितीपट काढायचं सरकारात ठरलं, आणि वर्माजी नावाचे डायरेक्टर विचारायला आले. आम्हाला वाटलं, बाई उडवून लावतील. त्या लगेच हो म्हणाल्या.

"चाळीस वर्षं सगळ्या जगानं मला स्टेजवर पाहिलं," त्या म्हणाल्या. "एक मीच राहिले. समोरून मी दिसते कशी, ते मरायच्या आत एकदा बघू दे."

* * *

वर्माजींना आमची तालीम हवी होती, आणि तीही 'बिल्कुल नॅचरल'. रविवारी सकाळी आम्ही सगळे लग्नातले कोट घालून हजर झालो. द्वंद्वयुद्धाचा प्रवेश होता. मी आणि मिलच्या टाइम ऑफिसातले आपटे, दोघांच्या हातांत लाकडी तलवारी.

आता, प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हे माईजींनी आम्हाला छडी उगारून शिकवलेलं. कॅमेरा सुरू झाला तसे आम्ही दोघं त्याच्याकडे तोंड करून शेजारी-शेजारी उभे राहिलो आणि समोरच्या हवेत वार करायला लागलो. वर्माजींनी कॅमेरा डावीकडे नेला. आम्ही डावीकडे वळलो. ते मागच्या बाजूला गेले. आम्हीही मागे वळून लढाई चालू ठेवली. शेवटी ते टेबलावर चढले, तर आम्ही वर बघून लढू लागलो.

"भाईसाहब, आप दोनों की दुश्मनी आपस में है या मुझसे है?" वर्माजींनी विचारलं.

"आपस में ही है भिया," आपटे घाम पुसत म्हणाले. "पण दाखवायची तुम्हाला आहे ना."

वर्माजी टेबलावरून उतरले आणि चहा मागवला.

* * *

मग माईजींची मुलाखत झाली. कंपनी बुडाली त्या दिवसाविषयी बोलताना डोळ्यांत पाणी आलं तर फार बरं होईल, असं वर्माजींनी भीत भीत सुचवलं.

"कॅमेऱ्यात फिल्म किती उरलीय?" माईजींनी विचारलं.

"यही कोई चालीस फुट."

"मग पंधरा फूट बोलते, पंधरा फूट रडते आणि दहा फुटांत डोळे पुसते."

आणि बाईंनी ते तंतोतंत केलं. त्यांनी पदर डोळ्यांवरून खाली घेतला आणि त्याच क्षणी फिल्म संपली. 'कट' म्हणायचं भान कुणाला नव्हतं, कारण वर्माजी स्वतःच रुमालात तोंड खुपसून बसले होते.

* * *

पदाच्या शूटिंगला खरे प्रेक्षक हवे होते. मिलची पहिली पाळी सुटली तशी आम्ही पन्नासेक माणसं आणून बसवली. "गाना ख़त्म होने तक और बाद में भी, कोई आवाज़ नहीं," असं वर्माजींनी तीनदा बजावलं.

माईजींनी पद म्हटलं. वयानं आवाज थोडा जाड झाला होता, पण शेवटची तान त्यांनी अशी घेतली की वर्माजींचं बजावणं सगळे साफ विसरले. हॉल दणाणला, "वन्समोर!"

माईजींनी उभ्या आयुष्यात वन्समोर परत पाठवला नव्हता. त्यांनी पेटीवाल्याला खूण केली आणि पद पहिल्यापासून धरलं. वर्माजी कॅमेऱ्यामागून दोन्ही हात हलवायला लागले. माईजींना वाटलं, यांनाही हवंय. त्यांनी वर्माजींना मान लववून नमस्कार केला आणि तिसऱ्यांदा म्हटलं.

त्यामुळे शेवटच्या प्रवेशाला जेमतेम फिल्म उरली. माईजींच्या गाजलेल्या भूमिकेतलं भाषण होतं ते, आणि नेमकं तेच त्यांना स्वतःचं बघायचं होतं. सगळे देव पाण्यात ठेवून आम्ही बसलो. एका दमात झालं.

* * *

दोन महिन्यांनी फिल्म तयार होऊन आली. कार्यक्रम आमच्याच हॉलमध्ये ठेवला. स्टेजच्या तोंडाशी, दर्शनी पडद्याच्या जागी, पांढरं कापड ताणून बांधलं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची माईजींची. हॉल भरला, दिवे मालवले, तरी खुर्ची रिकामी. मी शोधायला निघालो.

बाई स्टेजवर होत्या, त्या कापडाच्या मागे. ठेवणीतलं नऊवारी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून विंगेशी उभ्या होत्या.

"माईजी, समोर चला. खुर्ची ठेवलीय."

"वेडा आहेस का? आपल्या खेळाच्या दिवशी कुणी प्रेक्षकांत जाऊन बसतं?"

मी समजूत घालणार, तोच फिल्म सुरू झाली. पातळ कापडातून चित्र इकडेही स्वच्छ उमटलं. नावांची अक्षरं सगळी उलटी दिसत होती, पण माईजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या स्वतःची वाट बघत होत्या.

अकरा मिनिटं त्या हलल्या नाहीत. भाषण सुरू झालं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा कापडाच्या अलीकडून त्यांनी वाकून नमस्कार केला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

दिवे लागले. वर्माजी धावतच मागे आले. "कैसी लगी, माईजी?"

माईजींनी डोळे पुसले.

"बाई काम चांगलं करते हो," त्या म्हणाल्या. "पण पदर उजव्या खांद्यावर घेते, आणि चाळीस वर्षांत तिला एकानंही सांगितलं नाही."