माती परत नेणारी सोनीबाई

नाशिकहून जव्हारची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दुखण्यावरची एकही गोळी नव्हती. बत्तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेल्या माणसाला हे उघड्या अंगानं बाजारात निघाल्यासारखं वाटत होतं. पण इलाज नव्हता. गुडघ्यांसाठी दहा वर्षं मी स्वतःच स्वतःला गोळी देत आलो होतो. काउंटरच्या आतही मीच आणि बाहेरही मीच. शेवटी पायांवर सूज आली, रक्त तपासलं, आणि आमचे डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं मूत्रपिंडं दमलीत. अजून घ्याल तर डायलिसिसची वेळ येईल."

गोळी सोडली आणि गुडघ्यांनी सूड उगवला. तेव्हा त्याच डॉक्टरांनी जव्हार आणि मोखाड्याच्या मधलं एक निसर्गोपचार केंद्र सुचवलं. "माती फासून माणसं बरी होत असती तर आपल्या दुकानाला केव्हाच टाळं लागलं असतं," मी बायकोला म्हणालो. "लागू दे," म्हणत तिनं बॅग भरली.

त्र्यंबक मागं पडलं आणि रस्ता डोंगरांत शिरला. भाताची खाचरं कापून झाली होती. वरच्या उतारांवर बायका नागली (नाचणी) खुडत होत्या. एका वळणावर दरी अशी अचानक उघडली, की शेजारचा झोपलेला प्रवासीसुद्धा जागा झाला. नाशिकपासून इतक्या जवळ हे सगळं असताना मी इतकी वर्षं कुठं होतो, याची मला लाज वाटली. होतो तिथंच, काउंटरच्या मागं.

केंद्र म्हणजे पाच कौलारू खोल्या आणि एक अंगण. डॉक्टरबाई चाळिशीच्या, निसर्गोपचाराची रीतसर पदवी घेतलेल्या. त्यांनी पहिला तासभर मला नुसतं बोलतं केलं. झोप कशी, तहान किती, पोट साफ होतं का, जिना चढताना कुठला पाय आधी टाकता. माझे जुने रिपोर्ट वाचले आणि म्हणाल्या, "काका, इथं काही जणांना आम्ही उपवास करायला लावतो. तुम्हाला नाही, तुमच्या मूत्रपिंडांना झेपणार नाही. झिजलेला गुडघा मी नवा करून देऊ शकत नाही. दुखणं सोसण्याजोगं करू, मांड्यांत बळ आणू, वजन उतरवू. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच ठेवायची." कंपन्यांची किती माणसं माझ्या दुकानात येऊन गेली, पण 'हे आमच्यानं होणार नाही' असं एकाच्याही तोंडून मी ऐकलं नव्हतं. तिथंच माझा अर्धा ताठा उतरला.

मग दिवस लागोपाठ सारखेच. पहाटे आसनं, कोवळं ऊन, गुडघ्यांना आलटून पालटून गरम आणि गार पाण्याचा शेक, तिळाच्या तेलाचं मालिश. एक दिवसाआड कटिस्नान (कमरेपर्यंत गार पाण्याच्या टबात बसणं); पहिल्या दिवशी मी असा ओरडलो, की स्वयंपाकघरातून बायका धावत आल्या. जेवायला दुधीची भाजी आणि भाकरी, मीठ नावापुरतं. आणि दुपारी मातीपट्टी.

माती लावायला सोनीबाई असायची. जवळच्याच पोशेरा गावची, पन्नाशीची, काटक. वारुळाची माती ती खोलवरून काढायची, उन्हात वाळवायची, चाळायची, भिजवायची आणि जाड थर करून गुडघ्यावर बसवायची. गार, जड माती. अर्ध्या तासात गुडघ्यातला ठणका खाली बसायचा, आणि मी, औषधांचा व्यापारी, आढ्याकडे बघत थक्क होऊन पडून राहायचो.

चौथ्या दिवशी मी शहाणपणा केला. तिचे कष्ट वाचावेत म्हणून गुडघ्यावरची माती स्वतःच धुऊन मोरीत सोडायला लागलो. सोनीबाई धावत आली आणि उरलेली माती हातांनी गोळा करायला लागली.

"अवो शेठ, मोरीत नाय सोडायची तिला. तुमचं दुखणं घेतलंय ना तिनं? तिला घरी नेऊन सोडायची."

तिच्या मागोमाग मीही लंगडत गेलो. माळावर जुनं, ओसाड वारूळ होतं. तिनं चपला काढल्या, पाटीतली माती खड्ड्यात परत ठेवली, वर तांदळाचे चार दाणे टाकले आणि पुटपुटली. काय म्हणालात, मी विचारलं. "सांगितलं तिला, लय काम केलंस, आता निज." नवी माती दुसऱ्या बाजूनं काढताना ती पुन्हा बोलली, यावेळी माझ्या गुडघ्यांची ओळख करून दिली. डॉक्टरबाईंनी तिला हे शिकवलं नव्हतं, तिनंच डॉक्टरबाईंना शिकवलं होतं. मी काही फारसा देवभोळा नाही, पण तिथं माझे हात आपोआप जोडले गेले. आयुष्यात इतकी औषधं हाताळली, एकालाही कधी थँक्यू म्हटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी थंडी वाढली आणि गुडघे पेटले. ब्रह्मज्ञान कोरडं पडलं. मोखाड्याचा आठवडे बाजार होता. "भाजी बघून येतो," अशी डॉक्टरबाईंना थाप मारून मी शेअर जीपमध्ये बसलो आणि बाजाराच्या टोकाच्या एका औषधाच्या दुकानापाशी उतरलो. एकच गोळी, मी स्वतःला समजावत होतो. एकीनं काय होतंय?

माझ्या पुढं एक बाई उभी होती. तिनं गोळ्यांचं रिकामं पाकीट नमुन्याला पुढं केलं. पाकीट मी लांबूनच ओळखलं, माझीच गोळी. बाई वळली. सोनीबाई!

चोराच्या मनात चांदणं, त्यातून दोन चोर.

"तुम्ही? आणि ही गोळी?" मी म्हणालो.

"कंबर धरते, शेठ. लोकांना माती लावते, पण मी माती लावून निजले तर नागली कोण खुडंल? गोळी घेतली की दिवस जातो."

"रोज?"

"कामाच्या दिसांत रोज दोन. वीटभट्टीवर होते तेव्हापासून."

माझी नजर तिच्या पायांवर गेली. घोट्याशी चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतला होता. ती सूज मी माझ्याच पायांवर पाहिली होती. तिथंच बाजारातल्या गर्दीत मी तिला सगळं सांगितलं. ही गोळी आत काय करते, माझं काय झालं, डायलिसिस म्हणजे काय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुमी तर दुकानवाले. तुमाला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

तिनं ते रिकामं पाकीट मुठीत चुरगळलं. गोळी न घेताच आम्ही दोघं जीपमध्ये बसलो आणि परतल्यावर मी डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, स्वतःवर रागावल्या. "रोज माझ्यासमोर वावरते ही, आणि मी हिचे पाय बघितले नाहीत." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिला रक्त-लघवी तपासायला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. सोनीबाई घाबरली होती. घरात कमावती तीच होती.

मी निघायच्या सकाळी तिच्या तपासणीचा कागद आला. सोनीबाईनं तो डॉक्टरबाईंच्या आधी माझ्याच हातात दिला. मी तीनदा वाचला. आकडे काठावर होते, पण काठाच्या आत.

"काय लिवलंय?"

"वेळेत थांबलात," मी म्हणालो, आणि मलाच रडू फुटलं. ती बिचारी माझीच समजूत काढत राहिली. बत्तीस वर्षं मी काउंटरवरून गोळ्या दिल्या. पुढं त्या माणसांचं काय झालं ते कळायचा कधी प्रसंगच आला नाही. आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नाही.

जव्हारहून आलेल्या एसटीनं दुपारी नाशिक गाठलं. गुडघे दुखत होते, पण चालवत होते. घरी जाण्याआधी दुकानात डोकावलो. मुलगा गिऱ्हाइकांत गुंतला होता. काउंटरशी एक हमाल कंबरेवर हात ठेवून उभा होता. "नेहमीची द्या, काका," तो मला म्हणाला. मी त्याला आत बोलावलं, स्टूल दिलं आणि विचारलं, "किती वर्षं घेतोस रे ही?" तो आठवून आठवून सांगायला लागला. मागं रांग वाढत होती, मुलगा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता, आणि मी ऐकत होतो.