गुंडूची शेकोटी

आमच्या घरात सगळ्यांत कमी बोलणारा सदस्य मूळचा मेक्सिकोचा आहे.

त्याचं नाव गुंडू. जातीने ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यात राहणारा, गुलाबी, वीतभर लांबीचा प्राणी. चार पाय, लांब शेपटी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायम असं हसू, की वाटावं याला आपलं काहीतरी कळलंय! (आई त्याला सरळ 'पाल' म्हणते.) आमच्या लेकीने, सईने, तो हौसेने पाळला आणि पुण्याला शिकायला जाताना माझ्यावर सोपवला.

"बाबा, एक दिवसाआड गांडूळ द्यायचं. बाकी तुम्ही काही म्हणजे काहीही करायचं नाही."

सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्स बघणाऱ्या माणसाला 'काहीही करायचं नाही' म्हणणं म्हणजे अपमानच! घरातलं सगळं मी स्वतः दुरुस्त करतो. (मिक्सर मी दुरुस्त केल्यापासून उलटा फिरतो, हे खरं. पण फिरतो!)

तशात जानेवारी आला. मी मूळचा निफाडकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. थंडी हा आमचा खानदानी शत्रू! सकाळी गुंडूच्या टाकीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बर्फासारखं पाणी आणि लेकरू उघडंनागडं! मी बाजारातून पाणी तापवायची एक छोटी कांडी आणली, तिला स्वतः वायर जोडली, कमी-जास्त करायला बटण बसवलं आणि टाकीतल्या दगडामागे दडवून दिली. कोणाला सांगितलं नाही. चांगल्या कामाची जाहिरात कशाला करायची?

दुसऱ्या दिवशी गुंडू सुसाट! एरवी तासन्‌तास तळाशी बसणारा प्राणी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायला लागला.

"बघ, कसा तरतरीत झालाय!" मी बायकोला म्हणालो.

"तरतरीत कसला? अस्वस्थ दिसतोय," शुभांगी म्हणाली.

संध्याकाळी त्याने गांडूळ नाकारलं.

"आज एकादस हाय," आई कौतुकाने म्हणाली. "पाल हाय, पण लय धार्मिक!"

बारस आली, तरी उपास सुटेना.

"निर्जळी तर धरली नसेल?" मी विचारलं.

"पाण्यात बसून?" शुभांगी म्हणाली.

नक्की थंडी भरली असणार, असं निदान करून मी बटण थोडं पुढे सरकवलं. आता येरझाऱ्याही थांबल्या. कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक गुंडाळलं गेलं. नाकासमोर गांडूळ धरलं तर तोंड फिरवायचा. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच, त्यामुळे माझा जीव जास्तच तुटायला लागला. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

शनिवारी सकाळी सईचा व्हिडिओ कॉल आला. गुंडूला बघून ती रडायलाच लागली.

"बाबा, तो आजारी आहे! पाणी गार आहे ना?"

"गार? माझ्या हयातीत? एकदम व्यवस्थित आहे!"

"संध्याकाळपर्यंत त्याने खाल्लं नाही, तर मी बस पकडून घरी येते."

"अगं, सोमवारी तुझा पेपर आहे!"

"पेपर पुढच्या वर्षीही देता येईल. गुंडू पुढच्या वर्षी मिळणार आहे का?"

लेकीचं वर्ष आणि गुंडूचा जीव, दोन्ही माझ्या हातात होतं. मी हिय्या केला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

फट्!

दिवे, फ्रीज, गिझर, आईची मालिका, सगळं एका क्षणात बंद.

"बाळू!" आतून आई ओरडली. "काय केलंस रे?" (वीज गेली की माझी आई खिडकीतून गल्लीत बघत नाही. थेट मलाच हाक मारते.)

"पाच मिनिटांत आणतो!" असं म्हणून मी पक्कड घेऊन मीटरच्या खोक्यात डोकं घातलं. दुपारपर्यंत मी एवढी प्रगती केली, की शेजारच्या देशमुखांचीही वीज गेली.

संध्याकाळ झाली. घरात अंधार, सईची बसची वेळ जवळ आलेली. तेवढ्यात शुभांगीची हाक आली.

"अहो, लवकर या! पाणी पार गार पडलंय आणि हा बघा!"

टॉर्चच्या उजेडात गुंडू तळाशी निवांत बसला होता, कल्ले मस्त फुलवून. शुभांगीने चिमट्याने गांडूळ पुढे केलं. त्याने मान वळवली आणि सप्पकन्! गांडूळ गायब! दुसरं दिलं. तेही गायब!

"पण ही वायर कसली?" शुभांगीने दगडामागून माझी कांडी ओढून काढली. तिने लावलेल्या व्हिडिओ कॉलवर सई सगळं बघत होती.

"बाबा! अहो, तो थंड पाण्यातलाच प्राणी आहे! उन्हाळ्यात मी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवायचे, त्या कशासाठी?"

"म्हणजे त्या... माझ्यासाठी नव्हत्या?"

सई हसत सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "येत नाही मी. अभ्यासाला बसते."

जिंकलो! लेकीचं वर्ष वाचलं, गुंडू वाचला! मी धावत जाऊन पेढे आणले आणि आधी देशमुखांचं दार वाजवलं. ते मेणबत्ती घेऊन बाहेर आले.

"आली का वीज?" त्यांनी पेढा उचलत विचारलं.

"वीज कसली घेऊन बसलात? खाल्लं!"

"काय खाल्लं?"

"गांडूळ! एक नाही, चांगली दोन!"

देशमुखांनी तोंडापाशी नेलेला पेढा हळूच खोक्यात परत ठेवला आणि दार लावून घेतलं.

सई पास झाली. गुंडू आता टुणटुणीत आहे. मी मोकळ्या हातांनी टाकीपाशी गेलो की काचेला नाक लावून गांडूळ मागतो. पण हातात पक्कड दिसली, की मुकाट्याने दगडामागे जाऊन बसतो. घरातल्या बाकीच्यांना हे शिकायला अर्धा संसार गेला.